तेलकट चेहऱ्याला तेल?



आजचा विषय ऐकून पुष्कळांना हसू येईल. चेहऱ्यावर मुरूम आले आहेत, काळे डाग पडले आहेत, चेहरा दुपारपर्यंत तेलाने चकाकतो, आणि त्यावर उपाय म्हणून आम्ही तेलच लावायला सांगणार! आगीत तेल ओतण्याचाच हा प्रकार, असे कोणी म्हटले तर त्याला दोष देता येणार नाही. पण जरा दम धरा. कोणते तेल, किती, केव्हा, कोणाला, आणि मुख्य म्हणजे कोणाला नाही, एवढे ऐकून घ्या आणि मग ठरवा.

बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात युसूफ वडगाव आहे. तिथल्या आणि आसपासच्या गावांतल्या मंडळींना डोळ्यांसमोर ठेवून मी बोलणार आहे. कारण असे, की या तेलाला जे जे लागते ते त्यांच्या शिवारातच आहे. रब्बीच्या ज्वारीच्या कडेने करडईचे तास असतात. करडईला काटे, म्हणून गुरे आत शिरत नाहीत. कुंपणाचे कुंपण आणि पिकाचे पीक. कोवळी असताना तिची भाजी होते, पिकली की तेल निघते. आणि ज्याला आपल्याकडे नुसते लिंब म्हणतात, ते कडुलिंबाचे झाड कोणत्या वाडीवर नाही? म्हणजे खर्च असा फारसा नाहीच. लागते ती थोडी स्वच्छता आणि पुष्कळसा धीर.

आधी मुरूम म्हणजे काय ते पाहू. रस्त्यावर टाकतात तो मुरूम नव्हे, बरं का! आपल्या कातडीत बारीक बारीक छिद्रे असतात. त्यांच्या तळाशी तेल तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. मुलगा किंवा मुलगी वयात येऊ लागली, की शरीरातल्या रसांच्या फेरबदलाने या ग्रंथी जोराने काम करू लागतात. त्याच वेळी छिद्राच्या तोंडाशी कातडीच्या मेलेल्या कणांचे बूच बसते. आत तेल तुंबते, तिथे जंतू वाढतात, सूज येते, कधी पू होतो. हाच मुरूम. तो फोडला किंवा नखाने उकरला, की सूज खोल जाते आणि मागे काळा डाग किंवा खड्डा राहतो. पुष्कळदा मुरूम चार-आठ दिवसांचा पाहुणा असतो, पण त्याचा डाग चार-सहा महिने मुक्काम ठोकतो.

हा आजार काही आजचा नाही. सुश्रुताने क्षुद्ररोगांमध्ये त्याचे वर्णन केले आहे. तरुणांच्या तोंडावर सावरीच्या काट्यांसारख्या पुटकुळ्या येतात, असे तो सांगतो आणि त्यांना मुखदूषिका म्हणतो. चेहऱ्याला लावायची तेलेही आपल्या वैद्यकात जुनीच आहेत. कुंकुमादी तेलाचे नाव आपण ऐकले असेल. केशर, मंजिष्ठा, चंदन, ज्येष्ठमध अशी द्रव्ये तिळाच्या तेलात शिजवून ते करतात. पण अस्सल केशर कोणाला परवडते? गंमत अशी, की केशरात भेसळ करायला जी पाकळी वापरतात ती आपल्या करडईची. संस्कृतात करडईला कुसुंभ म्हणतात, आणि तिच्या पाकळ्यांच्या रंगाने पूर्वी वस्त्रे रंगवीत. पण आपल्याला आज ना केशर हवे, ना पाकळी. आपल्याला हवे आहे ते करडईच्या बियांचे तेल.

करडईच का, ते सांगतो. सगळी तेले दिसायला सारखी असली तरी आतून निरनिराळी असतात. प्रत्येक तेलात वेगवेगळी स्निग्ध आम्ले असतात. त्यांतल्या एकाचे नाव आहे लिनोलिक आम्ल. ते आपले शरीर स्वतः तयार करू शकत नाही, आणि कातडीचा बांधा घट्ट राहायला त्याची गरज असते. 1986 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी असे मांडले, की मुरूम येणाऱ्या माणसांच्या कातडीतल्या तेलात हे लिनोलिक आम्ल कमी पडते, आणि छिद्राच्या तोंडाशी बूच बसण्याशी त्याचा संबंध असावा. पुढे 1998 साली बेल्जियममधल्या एका छोट्या प्रयोगात हे आम्ल महिनाभर कातडीला लावून पाहिले. तेव्हा डोळ्यांनाही न दिसणाऱ्या बारीक गाठींचा आकार सुमारे चौथ्या हिश्शाने कमी झाला.

आता हे लिनोलिक आम्ल कोणत्या तेलात किती? खोबरेल तेलात शंभरात दोनच्या आसपास. शेंगदाण्याच्या तेलात साधारण तीस, तिळाच्या तेलात चाळीसच्या वर, सूर्यफुलाच्या तेलात साठच्या आसपास. आणि आपल्या नेहमीच्या करडईच्या तेलात सत्तराच्या वर. म्हणजे आपण ज्याला गरिबाचे तेल म्हणतो, ते या बाबतीत सगळ्यांत श्रीमंत! खोबरेल केसांना चांगले, पण पुष्कळांच्या चेहऱ्यावर ते छिद्रे बुजवते. म्हणून ज्यांना मुरूम येतात त्यांनी डोक्याला खोबरेल लावताना ते कपाळावर ओघळू देऊ नये. शाळेत चापूनचोपून तेल लावून येणाऱ्या मुलींच्या कपाळावर पुरळ का येते, त्याचे एक कारण हेच आहे.

पण इथे मापाने बोलले पाहिजे. बेल्जियमच्या प्रयोगात शुद्ध आम्ल वापरले होते, करडईचे तेल नव्हे. तेलात ते आम्ल बांधलेल्या स्थितीत असते. तेव्हा करडईच्या तेलाने मुरूम हमखास बरे होतात असा दावा कोणी करील, तर त्यावर विश्वास ठेवू नका; मीही तो करीत नाही. एवढे मात्र म्हणता येते, की हे तेल अंगाला हलके आहे, छिद्रे बुजवण्याचा त्याचा गुण कमी आहे, साबणाने आणि उन्हाने रखरखीत झालेल्या कातडीला ते मऊपणा देते, आणि योग्य रीतीने वापरले तर अपाय सहसा करीत नाही. घरगुती उपायाकडून एवढीच अपेक्षा ठेवावी.

आता कृती सांगतो. कागद-पेन्सिल घ्या.

पहिली गोष्ट तेल. लाकडी घाण्याचे ताजे, निव्वळ करडईचे तेल आणावे. शंभर किलो करडईत साधारण 28 ते 32 किलो तेल असते. घाण्यावर ते सगळे निघत नाही, काही पेंडीत राहते; म्हणून घाण्याचे तेल महाग पडते. पण आपल्याला लागणार किती, तर चार चमचे! घाणा जवळ नसेल तर बाजारातले डबाबंद तेलही चालेल. मात्र डब्यावरची अक्षरे वाचावीत. दोन तेलांचे मिश्रण असेल तर तसे छापलेले असते; ते घेऊ नये. करडईच्या काही नव्या वाणांत लिनोलिक कमी आणि ओलिक नावाचे दुसरे आम्ल जास्त असते. ते तेल खायला उत्तम, पण आपल्या या कामाला जुनेच बरे. करडई मुळीच मिळाली नाही तर सूर्यफुलाचे तेल घ्यावे. कढईत तळण झालेले तेल मात्र चुकूनही वापरू नये.

दुसरी गोष्ट लिंबाचा पाला. कोवळा नको, फार जून नको. पाने धुऊन, पुसून, सावलीत चार-सहा दिवस वाळवावीत. मुठीत धरली की कुरकुर वाजून चुरा झाला पाहिजे. ओला पाला घातला तर तेलात पाणी शिरते, आणि पाणी शिरले की बुरशी आलीच. या कृतीतली निम्मी चूक इथेच होते. लिंबाच्या पाल्याच्या अर्काने जंतूंची वाढ रोखली जाते असे प्रयोगशाळेत दिसले आहे. चेहऱ्यावर त्याचा किती उपयोग होतो याचा पुरावा तोकडाच आहे. म्हणून ज्यांना पाला घालायचा नसेल त्यांनी नुसते करडईचे तेल वापरले तरी बिघडत नाही.

करायचे किती? खोकल्याच्या औषधाच्या बाटलीबरोबर एक लहान माप मिळते. ते दहा मिलिलिटरचे असले, तर अशी चार मापे तेल घ्यावे. त्यात वाळल्या पाल्याचा एक चहाचा चमचा चुरा टाकावा. पातेल्यात तीन बोटे पाणी तापत ठेवून त्यात तेलाची कोरडी वाटी ठेवावी. वाटीत पाण्याचा थेंबही उडता कामा नये. आच मंद. तेल तळायचे नाही, फक्त कोमट-गरम राखायचे. अर्धा तास झाला की उतरावे, झाकून रात्रभर ठेवावे. सकाळी धुऊन कडक वाळवलेल्या मलमलीच्या दुहेरी फडक्यातून गाळावे. खाली गाळ बसला तर तो वाटीतच सोडून वरचे निवळ तेल तेवढे घ्यावे. बाटली काचेची, गडद रंगाची, उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात पूर्ण सुकवलेली असावी. बाटलीवर चिठ्ठी चिकटवून तेल केल्याची तारीख लिहावी.

तारीख कशासाठी? तर जो गुण करडईच्या तेलात आहे, त्याच्याच जोडीला एक दोष आहे. लिनोलिक जास्त म्हणून ते हवेने, उजेडाने आणि उष्णतेने लवकर खवट होते. खवट तेल कातडीला झोंबते. तेव्हा बाटली चुलीजवळ किंवा खिडकीत ठेवू नये. दीड महिन्यात तेल संपवावे, उरले तर दिव्याला घालावे, आणि नवे करावे. हिशेब सोपा आहे. एका मिलिलिटरचे सुमारे वीस थेंब होतात. रात्रीचे तीन थेंब धरले तर दीड महिन्यात एका माणसाला सातच मिलिलिटर लागते. चार मापांत घरातल्या चौघांचे भागते. म्हणून बाटली भरभरून करून ठेवायचा मोह टाळावा.

कोणी विचारील, हळद का नाही सांगितली? हळद घालायला हरकत नाही. पण घरी भरडलेल्या हळकुंडाची, तीही चिमूटभर. बाजारच्या सुट्या पुडीत कधी कधी रंगाची भेसळ असते, आणि हळदीने उशीचा अभ्रा पिवळा होतो तो वेगळाच. शिवाय आपल्याकडे म्हणच आहे, पी हळद अन् हो गोरी. उतावळेपणाची थट्टा करायला आपल्या बायांनी ती पाडली. ती म्हण आपण चेहऱ्याच्या बाबतीत विसरतो. लिंबाचा पाला सांगितला म्हणून निंबोळीचे तेल मात्र चेहऱ्याला लावू नये. ते फार उग्र. लहान मुलांच्या पोटात तर ते चुकूनही जाऊ देऊ नये. तान्ह्या मुलांना ते पाजल्याने उलट्या, गुंगी आणि झटके येऊन जीव धोक्यात आल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत.

आता लावायचे कसे? प्रथम परीक्षा. कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावावा. असे तीन दिवस करावे. खाज, लाली, पुरळ आले तर ते तेल आपल्यासाठी नव्हे. काही झाले नाही तर रात्री निजण्यापूर्वी तोंड साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवावे, घासू नये. चेहरा किंचित ओला असतानाच दोन-तीन थेंब तळहातावर पसरून हलक्या हाताने टेकवावे. चोळायचे नाही, मालिश करायचे नाही. पहिले पंधरा दिवस एक दिवसाआड. सकाळी तोंड धुवावे. दिवसा हे तेल लावून शेतात जाऊ नये; धूळ चिकटते. ज्या भगिनी ऊसतोडीला कोयता घेऊन गाव सोडतात, त्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. उसाच्या पाचटाची कुसळे, जाळलेल्या फडाची काजळी आणि दिवसभराचे ऊन, हे सगळे चेहऱ्यावर घेऊन त्या संध्याकाळी कोपीवर येतात. त्यांनी आधी तोंड धुवावे, मगच तेल. पाणी कमी असेल तर तेल राहू द्यावे, धुणे महत्त्वाचे.

पुवाच्या फोडावर, फुटलेल्या जखमेवर तेल लावू नये. तीन आठवड्यांत मुरूम वाढले तर तेल बंद करावे. कपाळावर एकसारख्या बारीक पुटकुळ्या येऊन खाज सुटत असेल, तर ते पुष्कळदा बुरशीचे काम असते आणि तेल हे तिचे खाद्य आहे. तिथे तेल नकोच.

आणि डाग? डाग जायला महिने लागतात. तेल त्यांना पुसून टाकत नाही. डाग गडद करतो तो सूर्य. पदर कपाळावर ओढून घेणे, रुमाल बांधणे, टोपी घालणे, हा डागावरचा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे. बाळंतपणानंतर गालांवर येणारे वांग, त्यालाही हेच लागू. लिंबू चोळून उन्हात जाऊ नये. लिंबाचा रस आणि ऊन मिळून कातडी भाजते आणि नवा काळा डाग पडतो. बिब्बा, दात घासायची पेस्ट, खाण्याचा सोडा, हेही चेहऱ्यापासून दूर ठेवावे.

श्रोतेहो, इथवर तेलाची गोष्ट झाली. पण एवढ्यासाठीच आपला वेळ घेतला असता तर तो अपुरा ठरला असता. ज्या कारणासाठी हा विषय निवडला ते आता सांगतो.

मुलीला पाहायला पाहुणे येणार असतात. दिवस थोडे राहिलेले असतात. चेहऱ्यावर डाग. मग कोणी मैत्रीण, कोणी शेजारीण एक लहानशी ट्यूब आणून देते. चिठ्ठी नाही, डॉक्टर नाही. चार दिवसांत चेहरा उजळतो, लाली जाते, मुरूम बसतात. सगळ्यांना आनंद! ट्यूब संपली की दुसरी. महिने जातात. मग कातडी कागदासारखी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, ओठावर आणि हनुवटीवर लव वाढते, उन्हात गेले की आग होते. ट्यूब थांबवावी तर मुरूम पूर्वीच्या दुप्पट जोराने उसळतात. म्हणून मुलगी पुन्हा तीच ट्यूब लावते. ही सुटका नव्हे, हा पाश आहे.

या ट्यूबमध्ये असते स्टिरॉईड नावाचे औषध. ते औषध वाईट नाही; योग्य रोगावर, योग्य दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते वरदान आहे. पण चेहऱ्याचा रंग उजळायला ते नाही. देशभरच्या त्वचारोगतज्ज्ञांनी याविरुद्ध पुष्कळ आवाज उठवला. 2018 साली केंद्र सरकारने अशा 14 स्टिरॉईड मलमांना चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी असलेल्या यादीत घातले. तरी दुकानातून ती सुटतात, हे आपण सगळे जाणतो. म्हणून नावे लक्षात ठेवा: बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन. ट्यूबवर बारीक अक्षरांत यांपैकी एखादे नाव असेल, तर डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय ती चेहऱ्याला लावू नये. आणि जी आधीच महिनोन्महिने लावत असेल, तिने एकदम बंदही करू नये. तिने डॉक्टरांकडे जावे.

दुसरा धोका पाऱ्याचा. रंग उजळवणाऱ्या काही क्रीममध्ये पारा असतो. त्यावर कोण बनवणारा, कुठला कारखाना, याचा पत्ताच नसतो. पारा कातडीतून शरीरात जातो आणि मूत्रपिंडे बिघडवतो. अशा क्रीमने अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडे दुखावल्याची बातमी 2023 च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत आली होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या क्रीमची तपासणी झाली आणि तिच्यात पारा सापडला. गोरेपणाच्या हौसेची ही किंमत! काळा डाग हा काही रोग नव्हे. बिघडलेले मूत्रपिंड हा रोग आहे.

तेव्हा चार थेंब करडईच्या तेलाचा खरा उपयोग मला वाटतो तो असा. ते हाती असले म्हणजे माणूस थांबतो. काहीतरी करीत असल्याचे समाधान मिळते, कातडीला अपाय होत नाही, आणि त्या अवधीत वय आणि निसर्ग आपले काम करतात. पुष्कळांचे मुरूम वाढत्या वयाबरोबर ओसरतात. ज्यांचे ओसरत नाहीत त्यांना औषधे आहेत, आणि ती चांगली आहेत.

मग डॉक्टरांकडे केव्हा जायचे? मोठ्या, दुखऱ्या गाठी येत असतील, खड्डे पडत असतील तर वाट पाहू नये. एकदा पडलेला खड्डा कोणत्याच तेलाने भरत नाही. मुरमांबरोबर मुलीची पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस येत असतील, तर आईने तिला घेऊन जावे, लाजू नये. चेहऱ्यावर गोल, कडा उठलेला, खाजरा चट्टा असेल तर तो नायटा असण्याचा संभव. तेल नको, औषध हवे. आणि सर्वांत महत्त्वाचे: चेहऱ्यावर किंवा अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर कोणतेही घरगुती तेल लावत दिवस घालवू नका. तो कुष्ठरोग असू शकतो. त्यावरचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, वेळेवर घेतले तर रोग पुरता बरा होतो, आणि हात-पाय-चेहरा वाचतो. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र आहेच. केज तालुक्यातल्या लोकांना अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालयही जवळ आहे.

आता दोन शब्द शिक्षक बंधुभगिनींना. आठवी ते दहावीच्या वर्गात मुरूम हा चेष्टेचा विषय होतो. मुलामुलींना नावे पडतात. त्या पायी शाळेत मागच्या बाकावर जाऊन बसणारी, फळ्याकडे यायला कचरणारी मुले आपण पाहिलेली असतील. त्यांच्या बाजूने एक वाक्य जर गुरुजींच्या तोंडून वर्गात आले, की हा वयाचा भाग आहे, यात घाण काही नाही, लाजण्यासारखे काही नाही, तर कोणत्याही तेलापेक्षा त्याचा गुण मोठा.

विज्ञानाच्या तासाला एक सोपा प्रयोग करता येईल. दोन लहान बाटल्या घ्या. दोन्हींत सारखेच करडईचे तेल. एकीत कडक वाळलेला लिंबाचा पाला, दुसरीत ओला. तीन-चार आठवडे ठेवा. मुलांनी आठवड्याला एकदा रंग आणि वास पाहून वहीत नोंद करावी. तिसरी बाटली नुसत्या तेलाची, पण उन्हाच्या खिडकीत ठेवा. पाण्याने काय होते आणि उजेडाने काय होते, हे मुलांना सांगावे लागणार नाही. ती आपल्याला सांगतील. दुसरा तास वाचनाचा. घरातल्या एखाद्या क्रीमचे, साबणाचे खोके आणायला सांगा. त्यावर बनवणाऱ्याचे नाव आणि पत्ता आहे का, परवाना क्रमांक आहे का, मुदतीची तारीख कोणती, आत काय काय आहे, हे मुलांकडून वाचून घ्या. वाचायला येणे म्हणजे काय, याचा एवढा चांगला धडा पुस्तकात सापडायचा नाही. ही मुले घरी जाऊन आईच्या हातातली ट्यूब वाचतील.

बचत गटाच्या भगिनींनाही एक सूचना. तेल चांगले झाले की ते बाटल्यांत भरून विकावे असे मनात येणारच. घरात वापरणे वेगळे आणि विकणे वेगळे. चेहऱ्याला लावायची वस्तू तयार करून विकायची तर कायद्याने परवाना लागतो, आणि तो अन्न व औषध प्रशासनाकडून घ्यावा लागतो. हे अडचण म्हणून नव्हे, तर गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याची जबाबदारी म्हणून. ज्या बिनपत्त्याच्या क्रीमची आपण निंदा केली, तशीच एक वस्तू आपल्या हातून बाजारात जाऊ नये.

शेवटी करडईविषयी थोडे. मराठवाड्यात तिचा पेरा पूर्वीइतका राहिलेला नाही. सोयाबीन आले, हरभरा वाढला, आणि काट्यांमुळे काढणीला माणसे मिळेनात. पण परभणीच्या कृषी विद्यापीठाने शारदा, परभणी कुसुम यांसारखी वाणे दिली आहेत, आणि फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याचे नारी-6 हे वाण काढले आहे. कोरडवाहू रानात खोल मुळे सोडून, जमिनीतल्या ओलीवर तग धरणारे हे पीक आहे. ज्याच्याकडे ज्वारीचे रान आहे त्याने कडेने दोन तास करडईचे टाकावेत. घराला भाजी मिळेल, तेल मिळेल, गुरांना पेंड मिळेल, आणि लेकीसुनांच्या चेहऱ्याला चार थेंब मिळतील.

तर श्रोतेहो, पाला कडक वाळवा, बाटली कोरडी ठेवा, तेल थोडेच करा, तीनच थेंब लावा, आणि डागाला त्याचा वेळ द्या. ट्यूबवरची अक्षरे वाचल्याशिवाय ती चेहऱ्याला लावू नका. जिथे स्पर्श कळत नाही तिथे तेल नाही, डॉक्टर.